यजमानाचे नाव

सारिका मगदूमने आयुष्यात जेवढे फॉर्म भरले होते तेवढे एखाद्या तलाठ्यानेही भरले नसतील. रेशनचे, गॅसचे, बचतगटाचे, मुलीच्या शाळेचे आणि मग तिच्या नर्सिंग कॉलेजचे. त्यामुळे रविवारी सकाळी लॅपटॉपच्या पडद्यावर फॉर्म उघडला तेव्हा ती मुळीच बिचकली नाही. विद्यार्थ्याचे नाव: सारिका धनपाल मगदूम. वय: सेहेचाळीस. यजमानाचे नाव: धनपाल बाहुबली मगदूम. यजमानाचा मोबाईल क्रमांक: तोही तिला पाठ होता. पुढचा रकाना होता, पाहुण्याचे नाव. इथे मात्र ती थबकली. अभ्यासाला पाहुणे कशाला लागतात ते तिला कळेना. नणंद येऊन राहिली होती, पण ती गेल्याच आठवड्यात जयसिंगपूरला परत गेली होती. थोडा विचार करून तिने लिहिलं, 'सध्या कोणी नाही', आणि 'पुढे' हे बटण दाबलं.

त्यानंतरचा तास जागा करण्यात गेला. पाहुण्याला डिस्कवर दोनशे जीबी लागतात, असं पडदा म्हणत होता. सारिकाने जुने फोटो काढून टाकले, पिक्चर काढून टाकले, तरी पुरेना. शेवटी धाकट्या दिराच्या लग्नाचा तीन दिवसांचा व्हिडिओ उडवला तेव्हा कुठे पडदा समाधान पावला. मग त्याने विचारलं, पाहुण्याला मेमरी किती द्यायची? लॅपटॉपची मेमरी होती बत्तीस. सारिकाने चोवीस देऊन टाकली. घरी आलेल्याच्या पानात हात आखडता घेणं तिला कधी जमलंच नव्हतं. परिणामी लॅपटॉप असा ढिम्म बसला की बाणसुद्धा हलेना.

तिने अभ्यासकेंद्रावर फोन लावला. केंद्र चालवणाऱ्या रेहाना मुजावर मॅडम हसायला लागल्या.

"अहो वहिनी, पाहुण्याला एवढं वाढलंत, तर तुमच्या संगणकाला काय उरलं? निम्मं काढून घ्या."

"पण पाहुणा म्हणजे नक्की कोण हो मॅडम?"

मॅडमनी समजावून सांगितलं. संगणकाच्या आत प्रोग्रामने उभा केलेला दुसरा संगणक, म्हणजे आभासी यंत्र. त्याला स्वतःचं हाडामांसाचं शरीर नसतं. मेमरी, डिस्क, प्रोसेसर, सगळं तो बाहेरच्या संगणकाकडून मागून घेतो. त्याला मात्र वाटत असतं की आपण स्वतंत्र आहोत. आत काहीही घडलं, बिघडलं, तरी बाहेरच्याला झळ लागत नाही आणि बाहेरचा कचरा आत जात नाही. म्हणून त्याला म्हणायचं पाहुणा.

"आगं बाई! मी तर नाव 'सध्या कोणी नाही' असं लिहिलंय."

"असू दे. नावाने काही बिघडत नाही," मॅडम म्हणाल्या.

पाहुणा म्हणजे कोण हे कळल्यावर, यजमान म्हणजे कोण, हा प्रश्न पडायला हवा होता. तो सारिकाला पडला नाही, कारण त्याचं उत्तर तिला तेवीस वर्षांपासून माहीत होतं. ते उत्तर आत्ता बाहेरच्या सोप्यात बसून शेंगा सोलत होतं.

हा सगळा खटाटोप कशासाठी होता तेही सांगायला हवं. दोन हजार चाळीसच्या सुमाराला इचलकरंजीत धोट्याचे जुने माग जवळजवळ संपले होते. नव्या गिरण्यांत दोनदोनशे माग आणि माणसं चार. धागा तुटला तर जोडणं, धागा संपला की बीम बदलणं, तेल घालणं, सारं माग आपापलं करत. अडत होतं एकाच ठिकाणी. मागाचा आवाज किंचित बदललाय, ताण थोडा कमी झालाय, हवेत आज दमटपणा आहे. अशा वेळी माग थांबवायचा, हळू करायचा, की चालू ठेवायचा? नियम लिहून पाहिले, ते पुरले नाहीत. दहापैकी नऊ वेळा नियम बरोबर यायचा आणि दहाव्या वेळी चाळीस मीटर कापड वाया जायचं. अनुभवी माणसाला मात्र हे उमगायचं, आणि कसं उमगतं ते त्यालाही सांगता यायचं नाही.

मग ठसा आला. आभासी यंत्रात एक खोटी माग-शेड उभी करायची. तिथे माणसासमोर दोन-अडीच हजार अवघड प्रसंग ठेवायचे. तो काय निर्णय देतो, किती वेळात देतो, कुठे अडखळतो, हे ते यंत्र साठ दिवस टिपत राहतं. शेवटी त्याच्या निर्णयबुद्धीचा एक ठसा तयार होतो. तो गिरणीत बसवला की दोनशे माग त्या माणसाच्या डोक्याने चालतात. कायदाही पाठोपाठ आला. ठशामुळे नुकसान झालं तर जबाबदार कुणीतरी जिवंत माणूस हवा. ज्याच्या नावाने ठसा उमटला त्यालाच गिरणीने मागप्रमुख म्हणून नेमायचं. ठशाची नक्कल काढायची नाही आणि नाव बदलायचं नाही. ते नाव ठशात पहिल्या दिवसापासून असं गुंफलेलं असतं की उसवायला गेलं तर सगळंच उसवतं.

सारिका वीस वर्षं कापड तपासत होती. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकायचं आणि ती त्यातले दोष हेरून खडूने खूण करायची. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्याही होऊन गेल्यावर. कितीदा तरी तिला वाटायचं, पळत आत जावं आणि तो माग बंद करावा. पण मागाच्या बटणाला हात लावायचा अधिकार तपासणीच्या बाईला नव्हता. आता गावाबाहेरच्या नव्या गिरणीत मागप्रमुखाची जागा निघणार होती आणि विद्यापीठाचा पदविका अभ्यासक्रम घरबसल्या करता येत होता. तिला ती जागा हवी होती. तसं तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण हवी होती.

धनपाल सव्वीस वर्षं जॉबर होता. जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. तीन वर्षांपूर्वी शेडमधले चोवीस माग भंगारात गेले आणि डॉक्टर घरी बसला. सकाळी बाजार, दुपारी झोप, संध्याकाळी कोपऱ्यावरचा चहा. पूर्वी रस्त्यात चार माणसं अडवून विचारायची, "मगदूम, आमचा सात नंबर असा का वाजतोय?" आता कुणी विचारत नव्हतं. सारिकाने अभ्यासक्रमाचं सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "कर की. मोडता कोण घालतंय?"

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. कामावरून आल्यावर चहा घेऊन सारिका लॅपटॉप उघडायची. 'सध्या कोणी नाही सुरू होत आहे', असं पडद्यावर यायचं आणि पहिले काही दिवस तिला त्याचं हसू आवरायचं नाही. मग शेड उघडायची. कानात मागांचा आवाज, पडद्यावर उभा ताणा, आडवा बाणा, वेगाचे आकडे, आणि एक प्रश्न: थांबवू, हळू करू, चालू ठेवू? उत्तराला वीस सेकंद. कधी तिचं उत्तर टचकन यायचं. कधी यायचंच नाही. मागाच्या आतल्या पट्ट्यांचे, खटक्यांचे, गिअरचे प्रश्न आले की तिचा हात थबकायचा. वीस सेकंद संपायची, पडदा दोन-तीन सेकंद गप्प राहायचा, आणि मग हिरवी खूण यायची, 'निर्णय मिळाला'. अडलं की यंत्रच सांगतं, अशी तिची समजूत झाली. ते उत्तर ती वहीत लिहून घ्यायची.

त्याच दिवसांत धनपालमध्ये फरक पडला. तो रोज दाढी करायला लागला. संध्याकाळी चहाच्या टपरीवर न जाता सोप्यातच फोन घेऊन बसायला लागला. फोन टिणटिणला की तो चष्मा नाकावर ओढून बघायचा आणि चटकन बोट टेकवायचा. एकदा सारिकाने आतून विचारलं, "या वयात गेम खेळायला लागलाय व्हय?"

"टाइमपास," तो म्हणाला.

तिला बरंच वाटलं. माणूस कशात तरी रमलाय, रमू दे.

एकसष्टाव्या दिवशी मुजावर मॅडमचा फोन आला. आवाजात पेढे होते. "वहिनी, अभिनंदन! प्राथमिक तपासणीत तुमच्याकडचा ठसा केंद्रात पहिला आलाय. गिरणीने तो मागितलासुद्धा. मगदूम भाऊंना उद्याच बोलावलंय बघा."

"भाऊंना? त्यांना कशाला?"

"ठसा त्यांचाच आहे ना? यजमान म्हणून त्यांचं नाव आहे. यजमान दुसरा असला की विद्यार्थी सहाय्यक ठरतो."

सारिका तशीच रिक्षाने केंद्रावर गेली. मॅडमनी नोंदवही उघडून दाखवली. चोवीसशे प्रसंग. सतराशे एकोणनव्वद उत्तरं सहाय्यकाची. सहाशे अकरा थेट यजमानाची, त्याच्या फोनवरून, सरासरी अडीच सेकंदांत. सहाय्यक वीस सेकंद गप्प राहिला की प्रश्न यजमानाकडे जातो, हे माहितीपत्रकाच्या एकतिसाव्या पानावर लिहिलेलं होतं. एकतिसावं पान कोण वाचतं?

"पण यजमान म्हणजे... मॅडम, बायकांच्या फॉर्मवर यजमान म्हणजे दुसरं काय असतं?"

मॅडमनी तो फॉर्म पुन्हा एकदा वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. मराठीकरण करणाऱ्याने शब्द बरोबर निवडला होता. पाहुणा ज्याच्याकडे उतरतो तो यजमान, पाहुण्याच्या बऱ्यावाइटाची जबाबदारी ज्याची तो यजमान. फक्त तो शब्द घरोघरी कुणाला लावतात हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. यंदा केंद्रात अकरा बायका होत्या. मॅडमनी यादी काढली. अकरापैकी दहा जणींनी नवऱ्याचं नाव लिहिलं होतं आणि अकरावी विधवा होती, तिने रकाना मोकळा सोडला होता.

"दुरुस्त होईल का?"

"नाव बदलता येत नाही. त्यांची सहाशे अकरा उत्तरं वेगळी काढता येत नाहीत. दोनच गोष्टी होतात. आहे तसा द्यायचा. भाऊ मागप्रमुख होतील, तुम्हाला सहाय्यकाचं प्रमाणपत्र मिळेल. नाहीतर यंत्र पुसायचं आणि पुढच्या सत्राला पहिल्यापासून. पण तोवर ही जागा भरलेली असेल, वहिनी."

घरी आली तेव्हा धनपाल इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. त्याला गिरणीचा निरोप मिळाला होता. तिच्याकडे बघून तो उठला आणि पुन्हा बसला.

"तुम्हाला ठाऊक होतं," सारिका म्हणाली.

"पहिल्यांदा न्हवतं. वाटलं, कुठल्या तरी कंपनीचं असंल. चौथ्या दिवशी ध्यानात आलं. तू लॅपटॉप उघडला की प्रश्न येत्यात, मिटला की बंद."

"मग बोलला का नाही?"

त्याने शर्टाच्या बटणाशी चाळा केला. "इचारत होतं गं कुणीतरी. तीन वर्षं झाली, मला कुणी कायबी इचारलं न्हाई. तुला सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस."

तिला त्याची दया आली आणि भयंकर रागही आला, दोन्ही एकाच वेळी. रागाची सरशी झाली. "आणि मी? साठ दिवस मी मरमर केली ते कुणाच्या नावावर? वीस वर्षं दुसऱ्यांच्याच कापडावर खुणा केल्या. एकदा, एकदाच वाटलं होतं की माझ्या म्हणण्यावर माग थांबेल. आणि मी कोण, तर सहाय्यक!"

"घरातच जागा आली की. माझं काय आन् तुझं काय?"

"तुमचंच असतं तेव्हा असं म्हणणं सोपं असतं," ती म्हणाली. तिने लॅपटॉप उघडला, पाहुण्याच्या नावावर गेली आणि 'कायमचे पुसा' हे बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली: 'विनंती यजमानाकडे पाठवली आहे. चोवीस तासांत उत्तर अपेक्षित.'

सोप्यात धनपालचा फोन टिणटिणला. त्याने बघितलं, चष्मा काढला, फोन खिशात ठेवला आणि बाहेर निघून गेला. सारिका रडली नाही. तिने भांडी घासली, मग घासलेली भांडी पुन्हा घासली. आपलं यंत्र पुसायलासुद्धा यांची परवानगी लागते, हे तिला सगळ्यांत जास्त झोंबलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गिरणीत गेला. तो गेला म्हणजे त्याने ठरवलं, असं सारिकाने धरलं आणि ती कामावर गेली. टेबलावरून दिवसभर कापड सरकत होतं. दोन दोष तिच्या नजरेतून सुटले. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

चारला घरी आली तर तो पायरीवर बसलेला. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"एक सांग मला," त्याने थेट सुरुवात केली. "किनारीचा धागा ढिला पडला, तर तू माग का थांबवत न्हाईस?"

"हे काय मधेच?"

"सांग तर."

"थांबवला की परत चालू करताना कापडावर आडवी रेघ उमटते. कोऱ्या कापडात दिसत नाही, रंगवल्यावर दिसते. सगळा तागा बाद. किनार काय, शिवताना कापूनच टाकतात. म्हणून वेग कमी करायचा आणि तागा संपला की मग थांबवायचं."

धनपालने मान हलवली. ती हलतच राहिली.

"तिथं काचेच्या खोलीत बसवलं मला. चाचणी म्हणून ठसा लावला होता. बारा नंबरची किनार ढिली पडली. मी असतो तर खाडकन थांबवला असता, मागाचं नुकसान नको म्हणून. ठशानं थांबवला न्हाई. मॅनेजर म्हणाला, वा मगदूम, भले भले हितं चुकत्यात, का न्हाई थांबवला सांगा की जरा. आन् मला सांगता येईना." त्याने चष्मा काढून पुसला. "सव्वीस वर्षं मी कापड कोरंच बघितलं. माझ्या शेडमधून गेल्यावर त्याचं काय होतं ते मला ठावंच न्हाई. मला मागाचं कळतं, तुला कापडाचं कळतं. ती गिरणी कापड विकणार हाय, माग न्हाई."

"मग मॅनेजरला काय सांगितलं?"

"बायकोला इचारून सांगतो म्हटलं. त्याला वाटलं, थट्टा करतोय."

सारिकाला हसू येत होतं, पण तिने ते येऊ दिलं नाही. "इतकं झालं तर तिथंच सांगायचं सगळं."

"सांगितलं. ते म्हणाले, नाव तुमचं हाय, आम्हाला नावाशी काम. सहाय्यकाला नेमता येत न्हाई." धनपालने खिशातून फोन काढला. पुसण्याची विनंती अजून तिथेच होती, खाली दोन बटणं. सहाशे अकरा वेळा त्याचं बोट अडीच सेकंदांत टेकलं होतं. आता ते हवेत थांबलं. ही जागा गेली की त्याला पुन्हा कुणी बोलावणार नव्हतं, हे त्याला माहीत होतं आणि तिलाही. 'राहू द्या' म्हणावं, असं एकदा तिच्या ओठांवर आलंही होतं. तिने ते गिळलं.

त्याने 'हो' दाबलं आणि फोन तिच्या हातात देऊन तो पाय धुवायला गेला.

जागा महिन्याभरात भरली. निपाणीचा कुणी तरुण इंजिनिअर आला म्हणे. विद्यापीठाने फॉर्म दुरुस्त करण्यासाठी समिती नेमली. मुजावर मॅडमनी मात्र समितीची वाट न बघता केंद्रातल्या सगळ्या बायकांना बोलावून फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'इथे स्वतःचे नाव'. जूनमध्ये नवं सत्र सुरू झालं. शिरोळ रस्त्याला आणखी एक गिरणी उभी राहतेय असं लोक बोलत होते, पण ती कधी सुरू होणार, तिथे किती जागा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

सारिकाने पुन्हा फॉर्म भरला. या खेपेला मेमरी मोजून सोळा दिली. शेड उघडली, कानात माग सुरू झाले. धनपाल शेजारी खुर्ची ओढून बसला. त्याचा फोन त्याने आतल्या खोलीत ठेवला होता. पहिले सात प्रश्न कापडाचे होते, ते तिने भराभर सोडवले. आठव्याला मागाच्या आतून एक बारीक टकटक येऊ लागली. ताण ठीक होता, वेग ठीक होता. थांबवू, हळू करू, चालू ठेवू?

मागच्या साठ दिवसांत असा आवाज आला की ती गप्प राहायची आणि दोन-तीन सेकंदांत उत्तर यायचं. आता ते कुठूनच येणार नव्हतं. सेकंद उलटे सरकत होते. पंधरा. बारा. शेजारच्या खुर्चीची कुरकुर झाली. धनपालला तो आवाज ओळखू आला होता, हे तिला न बघताही कळलं. त्याने मांडीवरचे हात घट्ट धरून ठेवले होते. नऊ. सात. तिने विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. तिने विचारलं नाही.

"चालू ठेव," ती पडद्याला म्हणाली आणि बटण दाबलं.

चार सेकंदांत खटका तुटला, ताणा फाटत गेला आणि पडद्यावरचा माग धाडकन बंद पडला. लाल अक्षरं आली: 'निर्णय चुकीचा. नुकसान बत्तीस मीटर. जबाबदार: सारिका मगदूम.'

तिने ते नाव दोनदा वाचलं. मग वही ओढली, टकटक कशी होती ते आपल्या शब्दांत लिहून काढलं आणि पुढच्या प्रश्नाचं बटण दाबलं. धनपालचं तोंड अर्धवट उघडं होतं. त्याने ते मिटलं आणि पुढचा माग ऐकू यावा म्हणून खुर्ची जरा जवळ सरकवली.